शीड शिवणाऱ्या कुटुंबाकडून घेतलेले मुख्य शीड: एका वर्षानंतरचा अभिप्राय

शिडाबद्दलचा अभिप्राय शीड हाती आल्याच्या दिवशी लिहू नये, असे माझे मत आहे. त्या दिवशी सगळीच शिडे चांगली दिसतात. कापड कडक असते, टीप सरळ असते, घडी मोडताना कोऱ्या कागदासारखा आवाज येतो आणि पैसे नुकतेच मोजलेले असल्यामुळे आपली नजरही थोडी उदार झालेली असते. म्हणून या छोट्या कार्यशाळेकडून शिवून घेतलेल्या मुख्य शिडाविषयी आणि त्यांनीच दुरुस्त केलेल्या पुढच्या शिडाविषयी मी पूर्ण एक हंगाम, त्यानंतरची धुलाई व तपासणी आणि नव्या हंगामातले पहिले काही आठवडे उलटेपर्यंत काही लिहिले नाही. आमची होडी नऊ मीटर लांबीची, एका डोलकाठीची आहे. मागे मुख्य शीड आणि पुढे गुंडाळून ठेवता येणारे जिब. तिच्यावर आम्ही दोघे आणि आमची अकरा व सहा वर्षांची मुले असतो. शर्यतीत आम्ही भाग घेत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचे बरेचसे कौतुक आणि काही तक्रारी या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो ते दुरुस्तीसाठी. चौदा वर्षे वापरलेले मुख्य शीड मागच्या कडेला उसवले होते आणि ते शिवून घेऊन आणखी दोन हंगाम काढावेत, असा आमचा बेत होता. कार्यशाळा म्हणजे लाकडी जमिनीचे एक लांबरुंद दालन आहे. शिलाई मशीन जमिनीतल्या खड्ड्यात अशी बसवली आहे की तिची पाटी जमिनीच्या पातळीला येते आणि शिवणारा माणूस खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्यामुळे वीस-पंचवीस चौरस मीटरचे कापड टेबलावरून ओघळत नाही, जमिनीवरच सरकत राहते. आत जाण्यापूर्वी पादत्राणे काढावी लागतात, कारण तळव्याच्या खोबणीत अडकलेला एखादा खडा नव्या कापडावर चरा पाडू शकतो. पती-पत्नी दोघे मिळून हा व्यवसाय चालवतात, त्यांच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगी आहे आणि हंगामाच्या तोंडावर एक वयस्क कारागीर हातशिलाईसाठी येतात. स्वागतकक्ष वगैरे काही नाही.

त्या गृहस्थांनी आमचे शीड पसरले आणि गुडघ्यांवर बसून अर्धा तास ते नुसते पाहिले. वरच्या भागातल्या एका टाक्याखाली नख घालून त्यांनी दोरा उचलला, तो लगेच तुटला. मग मागच्या कडेजवळ दाभणाचे टोक टेकवून थोडा जोर दिला, तर कापडही फाटले. "शिवून देईन, पण टाका धरेल आणि टाक्याशेजारचे कापड सुटेल," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी शिडाचा खालून वर काढलेला फोटो मागितला. माझ्या फोनमध्ये योगायोगाने एक होता. त्या फोटोवर त्यांनी डोलकाठीपासून मागच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली, तिच्यापासून शिडाचे पोट सर्वांत लांब कुठे जाते ते दाखवले आणि आमच्या होडीला काय झाले आहे हे पाच मिनिटांत उलगडून सांगितले. चांगल्या मुख्य शिडाचा सर्वांत खोल भाग पुढच्या कडेपासून साधारण 40 ते 50 टक्के अंतरावर असतो. आमचा तो मागे, पाऊण अंतराच्या जवळ सरकला होता. असे शीड होडीला पुढे ओढण्याऐवजी आडवे ढकलते, होडी जास्त कलते आणि तिचे नाक वाऱ्याकडे वळू पाहते, म्हणून सुकाणूचा दांडा सतत ओढून धरावा लागतो. दोन वर्षे आम्ही त्या सुकाणूला दोष देत होतो. एका दुरुस्तीवाल्याकडून त्याचे बेअरिंगही बदलून घेतले होते.

पोट मागे का सरकते, याचे उत्तर कापडात आहे आणि ते शिवणकाम करणाऱ्या कोणालाही चटकन पटेल. विणलेले कापड ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही, पण उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, ओढले की लगेच लांबते. शिडावरचा ताण मात्र तिन्ही कोपऱ्यांकडे धावतो, म्हणजे कुठे ना कुठे तो धाग्यांना तिरका पडतोच. नव्या कापडात विणीच्या फटींमध्ये राळ भरलेली असते आणि ती धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवते. शीड फडफडले, चुकीच्या पद्धतीने कोंबून ठेवले किंवा कपड्यांसारखे यंत्रात धुतले, की ही राळ तडकते, धागे एकमेकांवरून सरकू लागतात आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर कापड थोडे थोडे उरेब ताणले जाते. आमचे जुने शीड आम्ही एकदा धुलाई केंद्रात टाकले होते. तेव्हा ते फार छान, मऊ होऊन आले होते आणि आम्ही खूश झालो होतो.

जिबच्या बाबतीत त्यांनी उलट निकाल दिला. आम्हाला वाटत होते की एवीतेवी खर्च होतोच आहे तर दोन्ही शिडे नवी करावीत. त्यांनी जिब पसरले, तशीच परीक्षा घेतली आणि सांगितले की कापडात अजून चार-पाच वर्षांचा जीव आहे, गेली आहे ती फक्त उन्हाची पट्टी. गुंडाळलेल्या जिबची मागची व खालची कड कायम उन्हात असते, म्हणून त्या कडांवर गडद ॲक्रिलिक कापडाची पट्टी शिवलेली असते; कापडाच्या आधी तिचा दोरा उन्हाने कुजतो. पट्टी बदला, पुढची कड थोडी कापून पोट कमी करून देतो, नवे शीड नको, असे ते म्हणाले. समोर चालून आलेले काम असे परत करणारा धंदेवाईक माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

माप घ्यायला ते स्वतः होडीवर आले आणि सोबत त्यांची बारा-तेरा वर्षांची थोरली मुलगी आली. टेपचे एक टोक डोलकाठीच्या माथ्यापर्यंत चढवून ती आकडे वाचत होती आणि ते वहीत लिहीत होते. शिडाची उंची आणि बूमची, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेशी असलेल्या आडव्या दांड्याची, लांबी कोणीही मोजेल. त्यांनी डोलकाठी मागच्या तारेच्या ताणाने किती वाकते तेही मोजले, कारण शिडाची पुढची कड त्या वाकासाठी गोलाई देऊन कापावी लागते. डोलकाठी सरळ समजून कापलेले शीड वाकणाऱ्या डोलकाठीवर चढवले तर पोट सपाट होते आणि खालच्या मागच्या कोपऱ्यापासून तिरक्या सुरकुत्या पडतात. मोठ्या नावाच्या कंपन्यांच्या बाबतीत असे होऊ शकते की शीड एका ठिकाणी आखले जाते, दुसऱ्या खंडात शिवले जाते आणि माप ग्राहकाने स्वतःच फॉर्मवर भरून द्यायचे असते. त्यात गैर काही नाही, आमच्या शेजारच्या होडीचे शीड तसेच आले आहे आणि उत्तम आहे. पण आमच्या होडीच्या बूमवर पूर्वीच्या मालकाने बसवलेले रीफच्या, म्हणजे वारा वाढल्यावर शीड लहान करण्याच्या, दोराचे जे उलटे कडे आहे, ते मी कोणत्याही फॉर्मवर लिहिले नसते.

माप झाल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मला या संपूर्ण व्यवहारातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी विचारले, वारा वाढल्यावर शीड लहान करायला डोलकाठीपाशी कोण जाते, त्या वेळी सुकाणू कोणाकडे असते आणि धाकटी कुठे असते? आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरे उत्तर असे होते की मी पुढे जाते, नवरा सुकाणू धरतो आणि धाकटी आत रडत असते, म्हणून आम्ही शीड लहान करणे शक्य तितके लांबवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. 12 नॉटचा (ताशी 12 सागरी मैलांचा) वारा 24 झाला की आपण लांबवलेला प्रत्येक मिनिट महागात पडतो. त्यांनी आमच्यासाठी दोन रीफ सुचवले, पण नेहमीपेक्षा खोल, म्हणजे पहिल्याच टप्प्यात शीड चांगले लहान होते आणि पुन्हा पुढे जायची वेळ क्वचित येते. रीफच्या पुढच्या कड्याला त्यांनी दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या रिंगा पट्ट्यात गुंफून दिल्या, त्यामुळे कडे आकड्यात अडकवताना शिडाचा गठ्ठा बाजूला दाबत बसावे लागत नाही. ही युक्ती नवी नाही. पण ती आम्हाला हवी आहे हे त्यांनी ओळखले, कारण त्यांच्या स्वतःच्या होडीवरही पुढे जाणारे एकच माणूस असते आणि आत दोन मुले असतात.

कापडाबाबत त्यांनी मला दोनदा थोपवले. थरांचे, फिल्म चिकटवलेले कापड आकार जास्त काळ टिकवते असे वाचून मी तेच मागितले होते. त्यांचे म्हणणे असे पडले की त्या कापडाचा आकार टिकतो हे खरे, पण ते वारंवार घड्या आणि फडफड सहन करत नाही, थरांमध्ये ओल शिरली की आत बुरशीचे डाग पडतात आणि ते कधीच निघत नाहीत. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या आणि ओली शिडे तशीच आवरणाखाली घालणाऱ्या कुटुंबाला साधे विणलेले पॉलिस्टरच बरे. हे पॉलिस्टर म्हणजे बहुतेकांच्या तोंडी असलेले डॅक्रॉन, जे मुळात ड्यूपाँ कंपनीचे व्यापारी नाव आहे. 1950 च्या दशकात ते शिडांत आले आणि सुती कापडाची सद्दी संपली. दुसऱ्यांदा, हलक्या वाऱ्यात होडी पळावी म्हणून मी शिडाला जास्त पोट मागितले, तेव्हा त्यांनी 1851 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी 'अमेरिका' नावाच्या स्कूनरने, म्हणजे एकाहून अधिक डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाने, इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली, त्यात तिच्या घट्ट विणीच्या, सपाट बसणाऱ्या सुती शिडांचा मोठा वाटा होता. प्रतिस्पर्धी होड्यांची तागासारख्या जवसाच्या धाग्याची शिडे पोटाळ आणि सैल होती. पोट दिसायला जोरदार दिसते, असे ते म्हणाले, पण वारा जिकडून येतो तिकडे चढायचे असते तेव्हा ते आडवे येते. शेवटी मधला मार्ग ठरला आणि तो बरोबर ठरला असे आज म्हणता येते.

कापडाचे वजन 7 औंस ठरले. इथे एक गंमत लिहून ठेवते, कारण मला ती कळेपर्यंत माझे सगळे हिशेब चुकत होते: अमेरिकी पद्धतीत शीडवाल्यांचा औंस हा चौरस यार्डाचा नसतो. 36 इंच लांब आणि साडेअठ्ठावीस इंच पन्ह्याच्या तुकड्याचे वजन त्यात मोजतात, म्हणून 7 औंसाचे कापड म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 300 ग्रॅम होते. कापड बेतले होते आडव्या पट्ट्यांत, मागच्या कडेला काटकोन करून, म्हणजे सर्वांत जास्त ताण येणाऱ्या त्या कडेच्या दिशेने बाणा पडतो. पट्ट्यांच्या जोडकडा नीट सरळ नसतात. प्रत्येक जोडावर काही मिलिमीटरची निमुळती गोलाई देऊन सपाट कापडातून पोट घडवायचे असते. कापणी त्यांनी संगणकावर आखून बाहेरून यंत्राने करून घेतली आणि हे लपवले नाही. शिवण, कोपऱ्यांची ठिगळे आणि कडी त्यांच्याकडेच झाली; डोलकाठीजवळच्या कोपऱ्यातले कडे त्या वयस्क कारागिरांनी तळहातावर चामडी पट्टा चढवून, तिकोनी टोकाच्या सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवले. ते काम पाहायला मी मुलाला मुद्दाम घेऊन गेले होते.

आता तक्रारींकडे येते. अशा घरगुती व्यवसायाचे वर्ष फार वेडेवाकडे असते आणि ते समजून न घेता जो ग्राहक जाईल तो चिडेल. हंगाम संपल्यावर तीन महिने कार्यशाळा जवळजवळ मोकळी असते, कारण लोक शिडे आवरणात गुंडाळून विसरून जातात. मग हंगाम तोंडावर आला की सगळ्यांना एकाच आठवड्यात आठवण येते आणि दालनाच्या भिंतीशी पिशव्यांचा डोंगर उभा राहतो. त्या दिवसांत त्या बाई रात्री उशिरा हिशेब करतात आणि पत्राचे उत्तर चार-चार दिवस येत नाही. आम्ही ऑर्डर वेळेत दिली होती, तरी शीड ठरल्या तारखेपेक्षा अठरा दिवस उशिरा मिळाले. कारण असे सांगितले गेले की कापडाच्या एका ताग्यात विणीचा दोष निघाला आणि तो परत पाठवावा लागला. मला ते खरे वाटते. पण ते मला सहाव्या दिवशी मी फोन केल्यावर कळले, पहिल्या दिवशी त्यांनी होऊन कळवायला हवे होते. आमची हंगामातली पहिली सुट्टी जुन्या शिडावर गेली.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्यांच्या हातून एक चूक झाली. शीड चढवण्याच्या दिवशी ते आमच्याबरोबर पाण्यावर आले. ही सेवा किमतीतच धरलेली आहे आणि ती कोणीही नाकारू नये. पूर्ण शीड अप्रतिम बसले. मागच्या कडेतली बारीक दोरी किती ओढायची, म्हणजे कड फडफडणार नाही आणि आत वळणारही नाही, हे त्यांनी माझ्याकडून करून घेतले. फडफडणारी कड टाक्यांजवळ कापड कुरतडते आणि जास्त ओढलेली दोरी वल्ह्याच्या पात्यासारखा वळ पाडते. मग पहिला रीफ घेतला आणि बूमचे मागचे टोक आठ-दहा सेंटिमीटर खाली आले. रीफचे मागचे कडे मागच्या कडेवर जिथे हवे त्याहून खाली बसवले गेले होते. कागदावर ही किरकोळ गोष्ट आहे. पण बूम खाली येणे म्हणजे ते सुकाणूजवळ उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या पातळीला येणे, आणि तेही नेमके वारा वाढलेला असताना. त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलले नाही. वही काढून स्वतःचा आकडा पाहिला, बेरीज चुकली असे म्हणाले, शीड उतरवून बरोबर नेले आणि तिसऱ्या दिवशी कडे आणि त्याखालचे ठिगळ वर सरकवून परत आणले. जुन्या टाक्यांची छिद्रे त्यांनी चिकट कापडाने झाकून वरून टीप मारली आहे. बारकाईने पाहिले तर ती दिसते. त्याचे पैसे लावले नाहीत आणि लावायलाही नको होते.

हंगामाच्या ऐन मध्यावर ही कार्यशाळा पाच आठवडे बंद असते. संपूर्ण कुटुंब स्वतःच्या होडीवर निघून जाते आणि फोनवर एक ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे मत असे की हा ग्राहकांचा अपमान आहे, शीड फाटते ते हंगामातच. मलाही तो निरोप ऐकताना संताप आला होता, कारण आमच्या मुख्य शिडाला ताठ ठेवणारी सर्वांत वरची कडक पट्टी ज्या खिशात असते, तो खिसा डोलकाठीच्या तारेला घासून तळहाताएवढा उसवला होता. मात्र शीड देताना त्यांनी एक छोटी थैली दिली होती: त्याच कापडाच्या चार पट्ट्या, दुहेरी चिकट टेप, मेण लावलेल्या दोऱ्याची रीळ, दोन सुया आणि गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय टेप चिकटवू नका अशी हाताने लिहिलेली सूचना. त्या रात्री नांगर टाकल्यावर मी आणि मुलाने मिळून तो खिसा शिवला. आमचे टाके वाकडे होते, पण उरलेला हंगाम त्यांनी निभावला. नंतर त्यांच्या पत्नीने ते पाहिले, उसवले नाहीत, फक्त वरून एक पट्टी जोडली.

त्या पाच आठवड्यांबद्दल माझे मत बदलले ते त्यांच्या होडीवर एकदा चहाला गेल्यावर. तिचे शीड आमच्यापेक्षा जुनाट दिसते. डाव्या बाजूची उन्हाची पट्टी एका कापडाची आहे आणि उजवीकडची दुसऱ्या. मुख्य शिडाचे खालचे जोड साध्या पॉलिस्टर दोऱ्याने शिवले आहेत आणि वरचे टेफ्लॉनच्या जातीच्या दोऱ्याने, जो उन्हाने कुजत नाही पण महाग आहे आणि मशीनवर घसरतो. कोणता दोरा कोणत्या वर्षी बसवला आणि त्या वर्षी किती दिवस शीड उन्हात राहिले, याची नोंद त्यांची थोरली मुलगी होडीच्या रोजनिशीत करते. आमच्या जिबच्या पट्टीला कोणता दोरा वापरायचा, हे त्यांनी मला त्या वहीतले पान दाखवून सांगितले होते. तेव्हा मला तो विक्रीचा भाग वाटला होता. धाकटा मुलगा मात्र या सगळ्याला कंटाळलेला दिसला. बाबा नेहमी वरच बघत बसतात, पोहायला येत नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

हंगामानंतरची सेवा घेण्याबद्दल मी साशंक होते, पण आता दरवर्षी घेणार आहे. शीड गोड्या पाण्यात भिजवून, सौम्य साबणाने, मऊ ब्रशने जमिनीवरच धुतात. मीठ अंगात राहू देत नाहीत, कारण मिठाचे कण घासतात आणि हवेतली ओलही धरून ठेवतात. त्यानंतर दोन पानांचा अहवाल येतो. आमच्या अहवालात अकरा नोंदी होत्या. त्यांतल्या चार 'आत्ताच करा' या सदरात, पाच 'पुढच्या वर्षी पाहा' आणि दोन नोंदी होडीबद्दल होत्या: एका तारेच्या टोकाला टेप नाही आणि बूमवरची एक कप्पी शिडाला घासते. खिसा ज्या तारेमुळे उसवला तीच ही तार होती. शीड चढवल्याच्या दिवशी, हंगामाच्या मध्यावर आणि आता, असे तीन फोटो मी बूमखालून एकाच जागी उभे राहून काढले आहेत. पोट जिथे होते तिथेच आहे, फार तर बोटभर मागे असेल. जिबवरही त्यांनी कापलेली पुढची कड नीट बसली आहे. पूर्वी वारा वाढल्यावर ते झोळीसारखे फुगायचे, आता तसे होत नाही. सुकाणूचा दांडा मी दोन बोटांनी धरू शकते आणि मुलगाही धरू शकतो.

शर्यतीसाठी शीड हवे असेल तर इथे जाऊ नये, आणि हे ते स्वतःच सांगतात. त्यांना त्यात रस नाही, हवेत तरंगणारी स्पिनेकर शिडे ते शिवतात पण मन लावून शिवत नाहीत असे मला दुसऱ्या एका ग्राहकाच्या शिडावरून वाटले. दर मोठ्या कंपन्यांपेक्षा कमी नाहीत. थोडे जास्तच आहेत, कारण चार माणसे आणि एक दालन यांचा खर्च थोड्याच शिडांवर पडतो. बिल एकाच रकमेत येते, कापड किती आणि मजुरी किती हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्यावर मात्र त्या बाईंनी सगळी फोड लिहून दिली, त्यामुळे ती आधीच का देत नाहीत हे मला समजले नाही. ज्यांना हंगामाच्या मध्यावर चोवीस तासांत दुरुस्ती लागते, त्यांनी दुसरी एखादी जागाही हाताशी ठेवावी. आम्ही ठेवली आहे.

पुढच्या वर्षी नवे जिब लागणार नाही असा त्यांचा अहवाल सांगतो, आणि त्यांच्याकडे काम द्यायचे असेल तर हंगाम संपल्याच्या पहिल्या पंधरवड्यात शीड नेऊन टाकावे, तेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो. एक किरकोळ गोष्ट राहिली. नव्या शिडाबरोबर आलेली पिशवी इतकी नेमकी बेतली आहे की कार्यशाळेच्या कोरड्या, सपाट जमिनीवर दोघांनी घडी घातलेले शीडच तिच्यात मावते. डुलणाऱ्या होडीवर, ओले, एकट्याने घडी घातलेले शीड मावत नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी वहीत लिहून घेतले आणि पिशवी अजून तीच आहे.